मंडळीचं कोपर

बाई कुणाचंही आडनाव विचारत नसत. मुंबईत ही गोष्ट लक्षात राहण्यासारखीच. आपण नाव सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबून राहतो, 'पुढे?' म्हणतो, आणि पुढचं ऐकलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसतं. परळच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत मला हे वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून झालं. एका सरांनी गाव विचारलं. एका मॅडमनी माहेरचं काय, सासरचं काय असं विचारलं. बाई खिडकीशी बसून भिंगातून एका मेलेल्या माशीचा पंख बघत होत्या. मान वर न करता त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं आणि सवयीने आडनावही जोडलं.

"ते नको," त्या म्हणाल्या. "ते माणसांनी मागाहून चिकटवलेलं आहे. नाव तेवढं पुरे."

तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या असाव्यात. उंच, हाडापेराने मोठ्या, इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी वाटाव्यात अशा चपला. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. माझगावात डॉकयार्डच्या बाजूला एका जुन्या लाकडी गॅलरीच्या इमारतीत एकट्या राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी सकाळी त्यांच्या चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायच्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, राहून गेलं. त्यात दुःख नसे, जुने कपडे बोहारणीला द्यायचे राहून गेले असं म्हणावं तितपतच.

नावाचं त्यांचं म्हणणं असं होतं. देवाने पहिला माणूस घडवला, मग एकेक पशुपक्षी त्याच्यापुढे आणून उभा केला आणि तू याला काय हाक मारतोस ते बघू या, म्हणाला. माणसाला मिळालेली ही पहिली नोकरी. बाईंच्या मते त्या नोकरीतून माणसाला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी असलेलं भेंडीचं झाड सुलोचना होतं, खिडकीत येणारा एका डोळ्याचा कावळा हवालदार होता आणि वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना पहिल्या आठवड्यातच पाठ असायचं. हजेरी त्या चेहऱ्याकडे बघून घेत. 'ए, मागचा' असं एखाद्या शिक्षकाने म्हटलेलं कानावर आलं तर भर व्हरांड्यात थांबून त्या मुलाचं नाव मोठ्याने सांगत आणि पुढे जात. शिक्षक ओशाळत. पोरं खूश.

आमच्या घरी याच्या अगदी उलटं. मी नायगावच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती कामं करत राहिले. घरात बुद्धाची मूर्ती, गच्चीवर निळा झेंडा, आणि देव हा शब्द वडिलांच्या तोंडी फक्त देवनार म्हणतानाच यायचा. जग कुणी निर्माण केलं हा प्रश्न आमच्याकडे फालतू समजला जायचा. त्यामुळे बाई दहावीच्या वर्गात उत्क्रांती शिकवतात आणि रविवारी मुलांना सहा दिवसांत झालेल्या जगाची गोष्ट सांगतात, हे कळल्यावर मला राहवलं नाही. माशाचा पर, पालीचा पाय, वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात त्या फळ्यावर एकाखाली एक असे काही काढायच्या, की शेजारच्या वर्गातली मुलं दारातून बघायची. मी त्यांना विचारलं, यातलं खरं कुठलं?

त्या म्हणाल्या, "सोमवार ते शुक्रवार मी हे सांगते. रविवारी ते सांगते."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी भांडते. ज्याने दोन्ही केलंय, त्याच्याशी."

त्या विनोद करत नव्हत्या, हे मला पुढे हळूहळू कळलं. जग करणारा रोज संध्याकाळी हात पुसून, झालेलं काम बघून 'चांगलं आहे' म्हणायचा, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. पेपर तपासताना त्याही तेवढंच लिहायच्या. उत्तम, शाब्बास वगैरे काही नाही. 'फार चांगलं' हा शेरा त्याने सगळं संपल्यावर एकदाच दिला, त्यामुळे तो आपण वापरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बोर्डात आलेल्या मुलींनाही तो मिळाला नाही. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवून सृष्टीचे सहा दिवस सांगितले. ते गृहस्थ जाताना हात जोडून गेले. बहुधा सुटल्याच्या आनंदात.

रविवारी उपासनेहून आल्यावर त्या काहीही करत नसत. स्वयंपाक नाही, झाडू नाही, फोनसुद्धा नाही. शनिवारची पोळी गुळाबरोबर खायची आणि गॅलरीत स्टुलावर पाय टाकून बसायचं. मी एकदा न कळवता गेले तेव्हा त्या तशाच बसलेल्या. समोर गोदीतल्या क्रेन दिसत होत्या, खाली गल्लीत कुणीतरी टेम्पो धूत होतं. काय करताय, विचारलं.

"माझ्याशिवाय जग चालतंय का, ते बघतेय," त्या म्हणाल्या. "चालतंय."

आता ती इमारत नाही. पुनर्विकासात गेली. बाई नगरला भाचीकडे राहतात, अधूनमधून फोन करतात आणि तिकडच्या शेळ्यांची नावं मला सांगतात. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या गॅलरीतच. त्या गॅलरीच्या एका टोकाला निळ्या प्लास्टिकच्या पिंपात त्यांनी गांडुळं पाळली होती. घरातल्या भाजीची डेखं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा सगळं त्या पिंपात जायचं आणि काही आठवड्यांनी काळी, भुसभुशीत माती व्हायची. शेजारच्यांनी वासाची तक्रार केली, की बाई त्यांना मूठभर माती हुंगायला लावत. माणूस मातीचा केला, हे त्यांच्या लेखी अक्षरशः खरं होतं. आपण ज्याचे झालो ते स्वतः करून बघण्यासारखी दुसरी मजा नाही, असं त्या म्हणत.

त्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असायचा. लोक भाज्या, फळं, केक, कोंबड्या घेऊन येत आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होई. मला त्या एका वर्षी घेऊन गेल्या. नटलेली माणसं, फुलं लावलेलं टेबल, त्यावर भोपळे आणि अननस, आणि त्या सगळ्यात बाईंची खताची बादली. लिलाव पुकारणाऱ्याने ती उचलली आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. त्यात दोन गांडुळं काठावर आली होती. सगळे हसायला लागले. तेव्हा कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा, आवाज अतिशय गोड. त्यांना सगळे काका म्हणत. माझ्या गुलाबांना हवंच होतं, असं म्हणून त्यांनी पहिली आणि शेवटची बोली लावली आणि स्वतःच्या हाताने बादली घरी नेली. बाई आणि काका तरुणपणापासून एकाच गायकवर्गात गायचे. पुढे जे झालं ते सांगायच्या आधी हे सांगायला हवं.

चर्चला त्या लोकांमध्ये मंडळी म्हणतात. आपण 'चला मंडळी, जेवायला' म्हणतो तीच मंडळी. इमारत ती नव्हे, माणसं म्हणजे मंडळी, आणि ती सगळी मिळून ख्रिस्ताचं शरीर. कुणी डोळे, कुणी हात, कुणी पाय. बाईंनी हे मला समजावून सांगितल्यावर मी विचारलं, मग तुम्ही कोण?

"मी कोपर," त्या म्हणाल्या. "सुंदर नसतं. पण गर्दीत तेच उपयोगी पडतं."

माझ्या वडिलांच्या छातीत पाणी झालं, तेव्हा त्यांना परळच्या रुग्णालयात बरेच दिवस ठेवावं लागलं. गिरणीतल्या कापसाने फुप्फुसं आधीच गेलेली. बाई शाळा सुटल्यावर सरळ तिकडे यायच्या. पहिल्या दिवशी डब्यात हुलग्याची शेंगोळी होती. आजाऱ्याला असलं कुणी आणतं का, असं मी पुटपुटले. वडिलांनी ती बोटं चाटून खाल्ली. मग उशीला टेकून त्यांनी बाईंकडे नीट बघितलं. मी घरी त्यांच्याबद्दल इतकं बोलले होते, की त्यांना आता खेळी करायचीच होती.

"बाई, तुमच्या देवाने माणूस कशाचा केला म्हणता?"

"मातीचा."

"सगळे?"

"सगळे. एकाच मातीचे."

"आमच्या लहानपणी सांगायचे, काही जण तोंडातून आले आणि काही पायातून."

"सांगणारे कुठून आले, ते सांगितलं का त्यांनी?"

वडील हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी त्यांना पाणी पाजलं. मग बाई म्हणाल्या, की फार खूश होऊ नका, आमच्याकडेही ही माती चाळून घेणारे आहेत. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावच्या चर्चमध्ये आधी ख्रिस्ती झालेली वरच्या जातीतली घरं पुढे बसायची आणि आजोबांसारख्यांसाठी मागे तरट असायचं. प्रभुभोजनाचा प्याला पुढून फिरत फिरत सगळ्यात शेवटी तिथे पोहोचायचा. बाई निघाल्या तेव्हा वडिलांनी 'जय भीम' म्हटलं आणि बाईंनी आपल्या नगरच्या ख्रिस्ती पद्धतीने 'सलाम' म्हटलं. त्या दिवसापासून त्या दोघांचं ते ठरून गेलं.

वडील रुग्णालयात असतानाच एका रविवारी मी माझगावला गेले. उपासनेनंतर मंडळीची सभा होती, ती अर्ध्या तासात आटपेल, मग आपण दोघी मिळून परळला जाऊ, असं बाई म्हणाल्या होत्या. मी अंगणातल्या बाकावर बसले. खिडक्या उघड्या होत्या, आतलं सगळं ऐकू येत होतं. जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, निवृत्त होणार होते आणि जालन्याकडून एक तरुण पाळक यायचे होते. त्यांच्या शिक्षणाबद्दल बोलणं झालं, त्यांच्या उपदेशाचं कौतुक झालं. मग काकांचा तो गोड आवाज आला. माणूस उत्तम आहे, ते म्हणाले, पण मूळचे कोण ते एकदा विचारून घेतलेलं बरं. आपल्या मुलांमुलींची लग्नं तेच लावणार आहेत.

आत चुळबुळ झाली. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी उठून खिडकीशी गेले. बाईंनी आपली खुर्ची थेट काकांच्या समोर आणून ठेवली होती आणि त्या तिच्यावर बसल्या होत्या.

"मूळ म्हणजे किती मागचं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तुमचं सांगा, म्हणजे आम्हाला पद्धत कळेल. वडिलांचं नाव सांगा, मग आजोबांचं, मग त्यांच्या वडिलांचं. देवाच्या बागेतल्या पहिल्या माणसापर्यंत जायचंय. मी बसले आहे."

काकांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. बाई हसल्या नाहीत. काकांनी वडिलांचं नाव सांगितलं. बाईंनी मान हलवली. आजोबांचं सांगितलं. मग ते थांबले. बाई थांबून राहिल्या. वर्गात उत्तर अडलेल्या मुलासाठी थांबायच्या तशाच, घाई न करता. पंखे फिरत होते, कुणीतरी खोकलं, काकांच्या पत्नी मांडीवरच्या पर्सचा पट्टा गुंडाळत होत्या. शेवटी मागून एकजण म्हणाले, की आता प्रार्थना करून सभा संपवू या.

"प्रार्थना संपवायला नसते," बाई म्हणाल्या.

पण सभा संपली. रुग्णालयाशी टॅक्सीतून उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, की काकांचा आवाज अजून किती छान लागतो नाही.

तरुण पाळकांची नेमणूक झाली. आणि त्यांनी आल्यावर केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे बाईंचा रविवारचा वर्ग काढून घेणं. कमिटीला शांतता हवी होती. ते बिचारे स्वतः बाईंच्या घरी आले, बराच वेळ गांडुळांच्या पिंपाकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, की बाईंनी आता थोडी विश्रांती घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. ज्यांच्यासाठी त्या भांडल्या त्यांच्याच तोंडून हे ऐकावं लागलं, तरी बाईंनी त्यांना चहा दिला, त्यांच्या आईचं नाव विचारलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. मला हे सांगताना त्या हसत होत्या. पण त्या आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्यांना एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारताना ऐकलं. चूक लक्षात आल्यावर त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. तिशीच्याही आधीपासून त्या तो वर्ग घेत होत्या. त्यात शिकलेल्या मुलांची मुलं आता त्यात होती.

तोवर वडील घरी आले होते. बाई त्यांना बघायला नायगावला आल्या तेव्हा हे सगळं निघालं. आईने पोहे दिले होते, ते हातात तसेच ठेवून वडील ऐकत होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"आम्ही सोडलं," ते म्हणाले. "माझ्या बापाने घरातले देव पोत्यात घालून नदीत सोडले, तेव्हा मी त्याच्या बरोबर गेलो होतो. येताना पोतं रिकामं होतं तर ते त्याने मला डोक्यावर घ्यायला दिलं. मी नाचत आलो. एकदा सोडलं की मोकळं होतं, बाई. तुम्ही का राहता तिथे?"

मला वाटलं, बाईंना लागलं. मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने मला थांबवलं.

"तुम्ही जे सोडलंत," त्या म्हणाल्या, "त्यात तुम्ही माणूस आहात असं लिहिलेलंच नव्हतं. सोडलंत ते बरोबर केलंत. माझ्याकडे ते पहिल्याच पानावर आहे. एक माती, एक श्वास, आणि सगळे त्याच्यासारखे. हे लोक ते वाचत नाहीत. पण घर माझं आहे. आत बसलेल्यांनी ऊठ म्हणायचं आणि मी उठून जायचं?"

वडिलांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "पटलं नाही. पण कळलं."

आणि लगेच, जणू ते त्याच वाक्याचं पुढचं टोक असावं तसं म्हणाले, की वर्ग घरी घ्या ना. गॅलरी आहे की.

अशा रीतीने शनिवारचा वर्ग सुरू झाला. त्याला नाव नव्हतं. इमारतीतली आणि गल्लीतली पोरं यायची. तळमजल्यावरच्या गोवेकर कुटुंबातली जुळी, भंगारवाल्याची रुबिना, शेजारच्या चाळीतली दोनचार. बाई त्यांना भिंगातून मुंगी दाखवायच्या, गांडुळं हातात द्यायच्या, गाणी शिकवायच्या, आणि हे सगळं कुणी केलं असेल, असं विचारायच्या. वडील पहिल्या शनिवारी नुसतं बघायला म्हणून गेले. बाईंनी तो प्रश्न विचारला आणि त्यांना राहवलं नाही. मागून म्हणाले, कुणी नाही. बाईंनी त्यांना पुढे बोलावून खुर्ची दिली.

मग तोच शिरस्ता पडला. दर शनिवारी दुपारी वडील इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन, बसने नायगावहून माझगावला जायचे. गॅलरीच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला ते, मधे पोरं. बाई सांगायच्या, जग कुणीतरी प्रेमाने केलंय आणि आपल्याला त्याची राखण करायला ठेवलंय. वडील सांगायचे, एकातून दुसरं होत जातं, करणारा कुणी लागत नाही, आणि वर बघत बसू नका, हात तुमचे तुमच्याजवळ आहेत. मग दोघं मिळून त्या हातांनी पोरांकडून कुंड्यांत माती भरून घ्यायचे. त्याबाबत दोघांचं एकमत होतं.

एकदा मात्र वडिलांनी फार लावून धरलं. रुबिनाचा तान्हा भाऊ त्याच महिन्यात तापाने गेला होता. चांगल्या देवाने हे कशाला केलं, असं त्यांनी बाईंना तिच्यासमोर विचारलं. बाई म्हणाल्या, मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला. वडील घरी येऊन जेवले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी आईकडून आठवड्याच्या भाजीची सगळी सालं आणि डेखं पिशवीत भरून घेतली, आणि ती पिशवी बसमधून गांडुळांसाठी घेऊन गेले. बाईंनी ती घेतली आणि वर्ग नेहमीसारखा झाला.

काही महिन्यांनी काकांचा नातूही त्या वर्गाला यायला लागला. काका त्याला सोडायला यायचे आणि खाली फाटकाशी छत्री टेकून उभे राहायचे, वर्ग संपेपर्यंत. वर येत नसत. बाई त्यांना वर बोलावत नसत. पण पोरांना सरबत दिलं की एक कप चहा खाली पाठवत. त्या दोघांमध्ये पुढे कधी बोलणं झालं का, मला माहीत नाही. कप रिकामा परत यायचा, एवढं मी पाहिलंय.

वडील गेले ते सकाळी चहा घेऊन झाल्यावर, दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला बाई पांढरी साडी नेसून आल्या. भन्तेजींनी त्रिशरण दिलं तेव्हा त्या सगळ्यांबरोबर हात जोडून उभ्या राहिल्या. शब्द त्यांनी म्हटले नाहीत. चाळीतल्या लोकांनी आग्रह केला म्हणून दोन शब्द बोलायला पुढे आल्या. मी आतून धास्तावले होते.

"मी आज देवाचं नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना ते आवडलं नसतं, आणि आज त्यांना उत्तर देता येणार नाही." एवढंच बोलून त्या बसल्या. चाळीतले म्हातारे अजून ते भाषण आठवतात.

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि येत्या शनिवारी ये, म्हणाल्या. समोर कुणी नसलं की मी फार सोपं बोलायला लागते, म्हणाल्या.

मी गेले. वडिलांची खुर्ची त्यांच्या जागेवर होती, तिच्यात बसले. खाली फाटकाशी काका उभे होते. बाईंनी आपली बाजू मांडली आणि माझ्याकडे बघितलं. मी बोलायला लागले. वडिलांचे मुद्दे मला पाठ होते, मुद्दे मांडण्याचा तर माझा व्यवसाय. पण मी बाईंना जपून बोलत होते, प्रत्येक वाक्याला कापूस लावून. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं.

"असं नाही गं," त्या म्हणाल्या. "ते मला असं सोडत नसत."

त्या उठून माझ्या बाजूला आल्या. मी खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि वडिलांची बाजू मांडायला लागल्या. माती घेऊन माणूस करताना कुणी बघितलं होतं? तान्हं मूल तापाने जातं तेव्हा तो चांगला कुठे असतो? गावाबाहेर माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बसवून ठेवलं, चर्चमध्येसुद्धा मागे तरटावर बसवलं, तेव्हा त्याला हात उचलावासा का वाटला नाही? की माणसंच हे सगळं करतात आणि माणसांनाच ते निस्तरावं लागतं? एकेक प्रश्न त्या पूर्ण वजन देऊन विचारत होत्या, समोरच्या त्यांच्याच रिकाम्या जागेकडे बघून. कुठेही हात आखडता घेतला नाही. वडिलांनी ऐकलं असतं तर ताठ बसले असते.

त्या थांबल्या तेव्हा गोदीतल्या क्रेनचा आवाज तेवढा येत होता. रुबिना म्हणाली, "मग बाई, आता तुमचं काय?"

बाई आपल्या जागी जाऊन बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"माझं तेच," त्या म्हणाल्या. "पण त्यांना द्यायला उत्तर सापडत नाहीये. तुम्हाला कुणाला सुचतंय का? मला मदत करा."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग रुबिनाने हात वर केला.